काळ्या उंदरांसाठी पाला आणायला

धाराशिव जिल्ह्यात लोक देवीला जातात. मी उंदरांसाठी गेले होते. परत आल्यावर शेजारी तसं सांगून बघितलं. पहिलं वाक्य ऐकून लोक प्रसादासाठी हात पुढे करतात आणि दुसरं ऐकून मागे घेतात. म्हणून जे झालं ते एकदा लिहूनच काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

पुणे

मी पशुवैद्य आहे. माझ्याकडे गाईगुरं येत नाहीत, कुत्री-मांजरंही येत नाहीत. एका संशोधन संस्थेचं प्राणीगृह माझ्याकडे आहे आणि माझे सगळे पेशंट उंदीर आहेत. काळे, तळहातावर मावणारे, त्यातले बरेचसे म्हातारे. म्हातारपणी शरीराचं काय काय होतं याचा अभ्यास आमच्याकडे चालतो, त्यासाठी हे उंदीर जन्मापासून सांभाळलेले असतात. त्यांचं खाणं ठरलेलं, झोप ठरलेली, खोलीतला गारवा ठरलेला. माझ्या नवऱ्याच्या मते आमच्या घरात त्याच्यापेक्षा त्या उंदरांचं बरं चाललं आहे. उंदीर आमच्या घरात राहत नाहीत हे मी त्याला सांगितलं, पण त्यानं मत बदललं नाही.

या काळ्या जातीला उतारवयात एक दुखणं लागतं. मानेला खाज सुटते. मग ते मागच्या पायानं खाजवतात, खाजवून जखम करतात आणि जखम झाली की आणखी खाजवतात. मलमं झाली, खाण्यातले बदल झाले, कशाचाही म्हणावा तसा उपयोग होत नाही. जखम पसरून वेदना वाढल्या की नियमाप्रमाणे त्या प्राण्याला त्रास न होता मरण द्यायचं. नियम चांगला आहे, नव्या लोकांना तो मीच शिकवते. फक्त ते शेवटचं इंजेक्शन देणारा हातही माझाच असतो, आणि इतक्या वर्षांत मला त्याची सवय झालेली नाही.

गेल्या वर्षी, आमच्याकडे उंदरांची देखभाल करणारे बालाजीराव गावाहून येताना एक डबा घेऊन आले. डब्यात दगडीपाल्याची पावडर होती. दगडीपाला म्हणजे रस्त्याच्या कडेला कुठंही उगवणारं, लांब देठावर पिवळट फूल येणारं रोप. गुडघा फुटला की याचा रस लावायचा हे आमच्या कोकणातसुद्धा सगळ्यांना माहीत असतं.

"आमची कौसामावशी येरमाळ्याला शेळ्यांच्या जखमांस्नी हाच पाला लावती म्याडम," बालाजीराव म्हणाले. "लई गुण येतो. उंदराला बगायचा का लावून?"

मी नाही म्हणणार होते, पण त्या आठवड्यात माझ्या हाताला भरपूर काम पडलं होतं आणि ते मला नको झालं होतं. मग रीतसर परवानगी काढली. पाल्याचा अर्क काढून मलम केलं. जखमी उंदरांचे दोन गट केले, एकाला पाल्याचं मलम, दुसऱ्याला नुसतं व्हॅसलीन. लावायचं काम बालाजीरावांचं. महिनाभरात पाल्याचे उंदीर बरे झाले, व्हॅसलीनचे झाले नाहीत. संस्थेत माझं कौतुक झालं. माझ्या आयुष्यात ते फारसं होत नसल्यामुळे मला ते आवडलंही.

पुढे डबा संपला. खरेदी विभाग म्हणाला, पावती देणारा माणूस पाहिजे. कौसामावशी पावती देत नव्हत्या. म्हणून नळदुर्गच्या एका काष्ठौषधीवाल्याकडून पाल्याचं पोतं मागवलं. दरम्यान बालाजीराव घराच्या स्लॅबसाठी लांब रजेवर गेले होते, तेव्हा नवं मलम मी स्वतः लावलं. अगदी घड्याळ लावून. काहीही झालं नाही. जखमा पसरत गेल्या. शेवटी आमचे प्रमुख येऊन पिंजऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी बसून निर्णय घेऊ." आमच्या संस्थेत याचा अर्थ निर्णय झालेला आहे असा होतो.

मी रजा टाकली. आधी नळदुर्गला जाऊन पोत्यात काय घोटाळा आहे ते बघायचं आणि तिथून येरमाळ्याला जाऊन मूळ पाला आणायचा, असा बेत होता. सोमवारच्या आत नाही जमलं, तर ते सगळे उंदीर माझ्याच हातून जाणार होते.

नळदुर्ग

नळदुर्गमधून हैदराबादचा महामार्ग जातो, त्यामुळे गावात शिरताना पहिली ओळख ट्रकच्या भोंग्यांशी होते. रिक्षावाल्यानं मला विचारलं, "किल्ला का?" मी म्हटलं, काष्ठौषधीचं दुकान. तो म्हणाला, "आधी किल्ला बगा," आणि मला किल्ल्यापाशी नेऊन सोडलं. मग किल्ला बघितला. नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात महाल बांधलेला आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या अंगावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. मी थंडीत गेले होते. तिथल्या एका गृहस्थांनी मला नर कुठून पडतो आणि मादी कुठून पडते त्या दोन कोरड्या जागा दाखवल्या. मी दोन्हींचे फोटो काढले. घरी कुणालाही ते ओळखता आले नाहीत.

काष्ठौषधीवाल्यांना सगळे अप्पा म्हणत होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, दुकानात छतापर्यंत पोती. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माझा पाला खोटा हाय म्हनून तुमी पुन्याहून आलाव."

"खोटा आहे असं नाही. आहे का ते बघायला आले."

"मंग बगा."

त्यांनी मला माळवदावर नेलं. तिथं चादरीवर पाला वाळत पडला होता, फुलांसकट. मी भिंग काढून पान पाहिलं, देठ पाहिला, फूल पाहिलं. शंभर टक्के दगडीपाला होता, ताजा आणि स्वच्छ. पुण्यातल्या पोत्यातलं फूल मी कागदात बांधून आणलं होतं, तेही शेजारी ठेवून पाहिलं. काडीचा फरक नव्हता. मला खरं तर वाईट वाटलं. माणूस खोटा निघाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"तुमचा पाला चांगला आहे," मी म्हटलं.

"ते मला म्हाईतच व्हतं," अप्पा म्हणाले. "पन हे सांगा, उंदरास्नी मारायचं औशद करताव का जगवायचं?"

"जगवायचं."

अप्पांनी जिन्याकडे तोंड करून बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं. त्या वर आल्या आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग अप्पांनी मला खाली नेऊन गोदामातली पोती दाखवली. प्रत्येकाचा खालचा कोपरा कुरतडलेला होता. "बडीशेप खाल्ली, आस्कंद खाल्ली, सुंठ सुदीक सोडली न्हाई," ते म्हणाले. "तुमाला उंदीरच पायजे असतील तर आमचे घेऊन जावा. पावती बी देतो."

आमचे उंदीर विशिष्ट वंशाचे असतात, असे बाहेरचे चालत नाहीत, हे मी समजावून सांगितलं. त्यावर अप्पांना आपल्या उंदरांचा कमीपणा झाल्यासारखं वाटलं असावं. ते म्हणाले, आमचे बी तीन पिढ्यांपासून इथंच हायेत.

इतकं झाल्यावर मी निघते म्हटलं, तर काकूंनी दारातच "ऊटा माडी" म्हणून पाट मांडला. जेवायला बसा, असा अर्थ लागायला वेळ लागला नाही. आमच्याकडे रत्नागिरीला पाहुण्याला आधी विचारतात, जेवणार का, आणि पाहुणा आधी नाही म्हणतो. इथं विचारण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे नाही म्हणायला जागाच सापडली नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर तेल, आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. चटणीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं मी उंदरांच्या आठवणीनं रडतेय, आणि त्यांनी हुग्गीत आणखी तूप घातलं. मी खुलासा केला नाही.

बसमध्ये बसल्यावर मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाला खरा, मलम मीच केलेलं, लावलंही मीच. मग चूक कुठं होती? राहता राहिली येरमाळ्याची माती आणि तिथला डोंगर. त्या दिवशी मला असं मनापासून वाटत होतं, की त्या डोंगरातच काहीतरी आहे.

येरमाळा

येरमाळ्याच्या स्टँडवर बालाजीराव घ्यायला आले होते. प्राणीगृहात मी त्यांना कायम टोपी, मास्क आणि पांढऱ्या कपड्यांत बघितलेलं. इथं अंगात बनियन आणि केसांत सिमेंट, त्यामुळे मी त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले. "म्याडम, आवं म्याडम," म्हणत ते मागून पळत आले. पहिल्यांदा त्यांनी मला स्लॅब दाखवला. त्यावर पाणी मारायला मलाही पाईप धरायला दिला. नंतर शेतात हुरडा झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं बालाजीराव नुसत्या हातावर चोळून दाणे माझ्यापुढे टाकत होते. तीच गोष्ट करायला गेले तेव्हा माझा तळहात भाजला. तिथल्या तिथं दगडीपाला तोडून त्यांनी माझ्या हाताला चोळला. उपयोग झाला असं वाटलं, पण एका हातावरून काही सिद्ध होत नाही.

कौसामावशींची वस्ती येडाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. चैत्रात यात्रेला इथं माणसांचा पूर येतो म्हणे. मी गेले तेव्हा चार-दोन भाविक, नारळाची दुकानं आणि उन्हाला बसलेल्या शेळ्या एवढंच होतं. शेळ्या इथल्याच जातीच्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. मावशी सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. त्यांच्यासमोर एक शेतकरी आपली शेळी धरून बसला होता. शेळीच्या कानामागे मोठी जखम झाली होती. ती पाहताच मला आमचे पिंजरे आठवले.

"ह्या आमच्या डाक्टर म्याडम," बालाजीरावांनी सांगितलं. "पुन्याच्या."

"उंदराच्या का?" मावशींनी मान वर न करता विचारलं. "बसा. आदी शेरडाचं करते."

मी बसले. माझ्या ओढणीचं टोक एका करडानं चघळायला घेतलं, ते मी सोडवलं, त्यानं परत घेतलं. मावशींनी शेळी आडवी पाडायला लावली. आता पाला लावतील म्हणून मी पुढे सरकले, पण त्यांनी धारदार सुरी काढली आणि शेळीचं मागचं खूर हातात घेतलं. वाढलेली कड तासली, टोक गोल केलं. मग दुसरं खूर. निघालेले तुकडे त्या शेतकऱ्यानं खाली पडू न देता रुमालात घेतले. त्यानंतर कुठं मावशींनी पाला ठेचून जखमेवर बसवला.

"खुरं कशाला काढली?" मी विचारलं.

"आईला द्यायला."

मला कळलं नाही हे त्यांनी ओळखलं. "पाला येडाईच्या डोंगरावरचा," त्या म्हणाल्या. "तो फुकट न्यायचा न्हाई. ज्येला दुखनं त्येनं आपल्या अंगाचं काईतरी द्यायचं. मानसानं केस द्यावा, जनावरानं खूर द्यावं. ते वर नेऊन झाडाखाली पुरायचं. न्हाई दिलं तर पाला लागू व्हत न्हाई. माझ्या सासूपासनं असंच हाय."

"नेहमी मागचंच खूर?"

"म्होरलं दिलं तर जनावर चालंल कसं डोंगराला? मागचं द्यायचं."

शेतकरी रुमाल घेऊन डोंगराकडे निघाला. मावशींनी हात धुतले आणि माझ्याकडे वळल्या. "बालाजी म्हनतो, दुसऱ्या बारीला गुन आला न्हाई."

"नाही आला. पाला तोच, जखम तीच. म्हणून तुमच्याकडचा घ्यायला आले."

"उंदरांनी काय दिलं?"

"उंदरांनी?" मी म्हटलं. "उंदरांनी काही दिलं नाही."

"मंग कसा येईल गुन?"

शेजारून बालाजीराव खाकरले. "पयल्या बारीला दिलं व्हतं," ते म्हणाले.

"काय दिलं होतं?"

"नखं म्याडम. मागल्या पायाची. मलम लावायच्या आदी बारक्या कात्रीनं काडून घेतली. कागदात बांदून रजेला आलो तवा वर पुरली."

आमच्या प्राणीगृहातून काहीही बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे. तशी पाटी दारावर आहे, आणि ती पाटी बालाजीराव रोज पुसतात. पण त्या क्षणी मला पाटी आठवली नाही.

"सगळ्यांची काढली?"

"न्हाई न्हाई," बालाजीराव घाईनं म्हणाले. "पाला लावला त्येंचीच. व्हॅसलीनवाल्यास्नी पाला न्हवताच, त्येंच्याकडनं कशापायी घ्यायचं? अन्याव झाला असता."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमी मलम कसं लावलं इचारलं, ते सांगितलं. नखाचं इचारलंच न्हाई. मला वाटलं, डाक्टर लोकास्नी देवाचं सांगितलेलं आवडत न्हाई."

मी करडाच्या तोंडातून ओढणी सोडवणं थांबवलं. उंदीर मागच्या पायानं खाजवतो. नखं टोकदार असली की प्रत्येक खाजवण्याला कातडी फाटते. नखं बोथट केली तर त्यानं कितीही खाजवलं तरी जखम होणार नाही, आणि जखम झाली नाही की खाज आपोआप ओसरेल. एका गटाची नखं काढली, ते बरे झाले. दुसऱ्याची काढली नाहीत, ते झाले नाहीत. पाल्याचा या सगळ्याशी बहुतेक काही संबंध नव्हता. माझं जे कौतुक झालं होतं ते एका कात्रीचं होतं.

आधी मला बालाजीरावांचा भयंकर राग आला. मग हसू आलं, तेही आवरेना. आणि मग गेल्या काही आठवड्यांत मी ज्यांना झोपवलं होतं ते उंदीर डोळ्यांपुढे आले आणि हसू थांबलं. त्यांना औषध लागतच नव्हतं, नखं कापून हवी होती. फार वाईट वाटलं, ते वाईट वाटणं अजूनही गेलेलं नाही.

मावशींना मी माझ्या परीनं सांगितलं, की कदाचित पाल्यानं नाही, खुरं तासल्यानंच शेळ्या बऱ्या होत असतील. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "सासूपासनं लोक पाला न्यायलेत, ते काय येडे हायेत?" त्यांनी विचारलं.  मलाही ते खात्रीनं कुठं माहीत होतं? खात्री करायला पुण्याला जायला हवं होतं, आणि सोमवार जवळ आला होता.

निघण्यापूर्वी मावशी मला डोंगरावर घेऊन गेल्या. त्या भराभर पुढे आणि मी दर वळणावर देखावा बघायच्या निमित्तानं थांबत मागे. वर देवळाबाहेर त्यांनी एक जागा दाखवली, तिथली माती मऊ होती. "इथं हायेत तुमच्या उंदरांची नखं," त्या म्हणाल्या. खाली पवनचक्क्या दिसत होत्या, महामार्ग दिसत होता, ज्वारी दिसत होती. काय करावं ते न सुचून मी नमस्कार केला. मग मावशींनी पाल्याची पिशवी माझ्या हातात दिली. स्टँडवर मी चहा पीत असताना एका माकडानं ती पळवली, आतला पाला हुंगला, आणि टाकून दिली. बालाजीरावांनी पाला परत गोळा करून भरून दिला.

परत पुणे

सोमवारी सकाळी आमचे प्रमुख, म्हणजे सर, आले तेव्हा ट्रेमध्ये सिरिंज मांडून ठेवलेल्या होत्या. तशी पद्धत आहे. मी त्यांना नखांची गोष्ट सांगितली. देवीचा भाग वगळून सांगायचा असं मी बसमध्ये ठरवलं होतं, पण तो वगळला की गोष्टीला काही अर्थच राहत नव्हता, म्हणून तोही सांगितला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे आपल्या पहिल्या प्रयोगात काही अर्थ नव्हता," ते म्हणाले.

"होता. पण आपल्याला वाटला तो नव्हता."

"आणि आता तुम्हाला काय हवंय?"

"थोडे दिवस आणि एक चांगली कात्री."

ते पिंजऱ्यांकडे वळले. एका उंदराची जखम खांद्याच्याही पुढे गेली होती, तो कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसला होता आणि खात नव्हता. त्याच्याकडे बोट दाखवून सर म्हणाले, "याच्यासाठी मी थांबू शकत नाही. तुम्हीही थांबू नये." त्यांचं बरोबर होतं. बाकीच्यांसाठी त्यांनी मुदत दिली. त्या एकाला मी ओंजळीत घेतलं, जरा वेळ तसंच धरलं, आणि मग जे करायचं ते केलं.

उरलेला दिवस मी नखं कापली. उंदराला मानगुटीला धरून उलटा करायचा, मागचा पाय दोन बोटांत घ्यायचा आणि नखाचं नुसतं टोक उडवायचं, रक्त न काढता. इतकी वर्षं मी त्यांना असं धरत आले, पण दर वेळी दुसऱ्या हातात सुई असायची. या वेळी नव्हती. उंदरांना हा फरक कळायचं काही कारण नव्हतं, त्यांनी मला नेहमीसारखाच चावा घेतला. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सोलपटून निघाली होती आणि मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

नखं सगळ्यांची काढली. पाल्याचं मलम मात्र निम्म्यांनाच लावलं, मावशींच्या पिशवीतल्या पाल्याचं. बालाजीरावांचा फोन आला, नखं टाकू नका म्हणाले. मी ती निर्जंतुक करून एका नळीत भरली आणि नळीवर लेबल लावलं. त्यावर काय लिहावं हे कळेना, म्हणून नुसतं "नखं" असं लिहिलं. ते रजेवरून आले आणि पुढच्या सुट्टीला घेऊन गेले. दारावरच्या पाटीकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

हळूहळू खपल्या धरल्या, मग खपल्या पडल्या, मग कातडीवर केस आले. काही ठिकाणी पांढरे आले. पाल्याच्या गटात आणि बिनपाल्याच्या गटात फरक दिसला नाही. दोन्हीकडचे बरे झाले. मी सरांना तसं सांगितलं, आणि पाल्यावरचं संशोधन आमच्याकडे बंद झालं. आता खाजवणारा उंदीर दिसला की कात्री निघते.

मावशींना हे कळवायला हवं होतं. बरेच दिवस मी टाळलं. शेवटी बालाजीरावांनीच गावाला गेल्यावर फोन लावून मावशींच्या हातात दिला.

"बरी झाली का उंदरं?" मावशींनी विचारलं.

"झाली मावशी. पण पाल्यानं नाही झाली. निम्म्यांना पाला लावला, निम्म्यांना नाही, नखं मात्र सगळ्यांची काढली. सगळेच बरे झाले."

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या. हे ऐकून त्या दुखावल्या असणार असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हंजे ज्येंनी दिलं ते सगळे बरे झाले," मावशी म्हणाल्या.

"हो."

"पाल्याबिगर सुदीक."

"हो."

"मंग येगळं काय सांगायलाव? मी तेच सांगितलं व्हतं. दिलं की गुन येतो." त्यांच्या आवाजात समाधान होतं. शोधूनही मला त्यांच्या म्हणण्यात चूक सापडली नाही.

"सगळीच वाचली ना?" त्यांनी विचारलं.

"एक गेला. त्याचं फार वाढलं होतं. मी परत आले त्याच दिवशी."

"आपसूक गेला?"

"नाही. मीच."

 मग त्या दारात उशिरा शेळी घेऊन येणाऱ्या कुणालाही सांगाव्यात तशा मला म्हणाल्या, "म्होरल्या बारीला येळंवर या."

"येते," मी म्हटलं.